वरचे, खालचे आणि पाण्याची टाकी

तीन नोव्हेंबर. बांधकामावर त्या दिवशी दोनशे चौसष्ट जीव कामाला होते. त्यांत स्त्रिया एकेचाळीस. आभाळात एरवी एक माणूस असे. त्या दिवशी केबिन रिकामी होती.

त्या माणसाला सारे ‘वरचे’ म्हणत. इमारतीच्याही डोक्यावरून जाणाऱ्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून दोन दांड्यांनी टनांचे भार फिरवणे, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. खाली वॉकीटॉकी घेऊन उभे राहणारे, भार बांधून झाला की ‘उचल’ आणि जागेवर आला की ‘सोड’ म्हणणारे त्यांचे जोडीदार, ते ओघानेच ‘खालचे’. या दोघांची मैत्री सारी आवाजातली. समोरासमोर बसले की दोघांनाही काही सुचत नसे. चहा पिऊन, एकमेकांच्या बुटांकडे पाहून उठत. एक जण शिडी चढून गेला की मात्र दोघांच्याही जिभेला पालवी फुटे.

वरच्यांची ही शेवटची इमारत. माथ्यावर पोलादी पाण्याची टाकी बसली की क्रेन उतरवायची, आणि क्रेनबरोबर वरचेही कायमचे उतरणार. टाकी डिसेंबरच्या मध्याला यायची होती. ती आपल्या हातून चढावी, एवढे एकच मागणे त्यांनी आयुष्याकडे शिल्लक ठेवले होते. आणि नेमके अशा वेळी ते रुग्णालयाच्या बाकावर बसून, भर कामाच्या वेळेत, पेल्यामागून पेला पाणी पीत होते. तेही इकडेतिकडे पाहत, जणू कोणाचे चोरून पीत आहेत.

त्याला कारण होते. उंच क्रेनवरच्या माणसाला पाणी वर्ज्य. लघवीला खाली यायचे तर शिडी उतरा, चढा. तोवर खाली काँक्रीट घट्ट होणार आणि मुकादम तापणार. म्हणून या धंद्यातली पहिली विद्या कोरडे राहण्याची. सकाळी चूळ भरायची, पण गिळायची नाही. तहान लागली तर ओठ ओले करायचे आणि पाणी टाकून द्यायचे. वरच्यांची यात इतकी ख्याती होती की नवे ऑपरेटर त्यांच्याकडून ही विद्या घेऊन जात. त्यांची लेकही त्यांच्यामागोमाग याच धंद्यात शिरली होती आणि दूरच्या बंदरावर क्रेन चालवीत होती. तिलाही पहिल्या दिवशी त्यांनी हाच धडा दिला होता.

चार वर्षांपूर्वी प्रोस्टेट ग्रंथी वाढू लागली, धार बारीक झाली, घाई वाढली. तेव्हा त्यांनी त्यावर आपला घरगुती उतारा काढला: पाणी आणखी कमी. गोळ्या घेतल्या, त्याही थकल्या. शेवटी बायकोने हात धरून रुग्णालयात आणले. लघवीची धार मोजणारे यंत्र होते. त्यापुढे वरचे सवयीप्रमाणे कोरडे ठणठणीत येऊन उभे राहिले. चार थेंब पडले.

“काका, एवढ्यानं यंत्राला काही कळत नाही,” परिचारिका म्हणाली. “बाहेर बसा आणि पाणी प्या. भरपूर.”

“कामाच्या वेळेत?” वरचे दचकून म्हणाले.

तपासणारी डॉक्टर बाई आहे हे कळल्यावर ते दुसऱ्यांदा दचकले. “अगं, बाई आहेत!” ते बायकोच्या कानाशी लागले.

“मग? जन्माला आलात तेव्हा खोलीत कोण होतं, पैलवान?” बायको म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

डॉक्टरबाईंनी तपासले. रक्ताचा अहवाल पाहिला. “कर्करोगाची शंका वाटत नाही, तेवढं आधी सांगते. ग्रंथी अक्रोडाएवढी असायला हवी, तुमची चिकूएवढी झालीय. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो, म्हणून आवळला जातोय. आता गोळ्यांच्या पुढे जायला हवं.”

वरच्यांना आपल्या भाषेतले काहीतरी सापडले. कोणताही भार उचलण्यापूर्वी ते तीन प्रश्न विचारीत. तेच त्यांनी विचारले. “भार कळला. पल्ला किती, आणि वारा किती?”

“म्हणजे?”

“म्हणजे केलेलं किती वर्षं टिकणार, आणि मध्ये काय काय बिघडू शकतं.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. प्रश्न त्यांना आवडला होता. “दोन वाटा आहेत. एक हलकी. बारीक आकड्यांनी ग्रंथीच्या दोन्ही बाजू ओढून धरायच्या, म्हणजे मधली वाट मोकळी होते. किंवा सुईतून वाफ सोडून आतली वाढ आकसवायची. बहुतेक जण संध्याकाळी घरी जातात. वाफेनंतर काही दिवस नळी राहते, जळजळ होते, खरा फरक पडायला महिना-दोन महिने लागतात. धार सुधारते, पण शस्त्रक्रियेइतकी नाही. आणि काही वर्षांनी पुन्हा काही करावं लागण्याची शक्यता जास्त.”

“पल्ला कमी, वारा कमी,” वरचे म्हणाले.

“तसंच. दुसरी वाट शस्त्रक्रियेची. तीही मूत्रमार्गातूनच, बाहेर चीर नाही. तापलेल्या तारेच्या वेटोळ्यानं आतली वाढ खरवडायची, किंवा साल ठेवून गर काढावा तशी लेझरनं काढायची. कमरेखाली भूल, इथे दोन-तीन दिवस. काही आठवडे मध्येच रक्त दिसू शकतं. क्वचित कोणाला थोडे दिवस थेंब गळण्याचा त्रास होतो. पण धार लवकर मोकळी होते आणि वर्षानुवर्षं टिकते. मात्र जड उचलायचं नाही, शिडी चढायची नाही.”

“शिडी किती दिवस नाही?”

“तुमच्या शिडीची उंची बघता, सहा आठवडे.”

वरच्यांनी मनात डिसेंबर मोजला. सहा आठवड्यांत टाकी चढून, क्रेन उतरून, जागा झाडूनही झाली असती. “मग वाफ,” ते म्हणाले.

“सोनोग्राफी व्हायची आहे अजून. त्याआधी ठरवू नका. आणि आणखी एक, वैवाहिक जीवनाच्या दृष्टीनं…”

‘वैवाहिक’ हा शब्द ऐकताच वरच्यांनी मान वर केली आणि छताच्या पंख्याचे बोल्ट तपासू लागले. पुढचे सारे त्यांच्या कानांवरून गेले. बायको मात्र शांतपणे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये चढताच त्यांनी बातमी खाली सोडली. खालच्यांना ती रुचली नाही. त्यांनी स्वतः दोन वर्षांपूर्वी तारेने खरवडून घेतले होते, आणि तेव्हापासून ते नव्याने पंथात आलेल्या माणसाच्या आवेशाने शस्त्रक्रियेचा प्रचार करीत.

“वाफ?” ते वॉकीटॉकीत ओरडले. “तू काय सुरकुतलेला शर्ट आहेस? खरवडून घे नि मोकळा हो. माझी धार बघ, बागेत पाणी घालता येईल.”

“बाग कोमेजेल तुझी.”

थोडा वेळ सळयांचे भारे वर गेले. मग खालचे एकदम आवाज उतरवून म्हणाले, “वरच्या, नऊवर ये.” नऊ नंबरचा चॅनल कोणी वापरत नसे. अवघड बोलणे तिथे चाले.

“आलो.”

“डॉक्टरीणबाईंनी तुला ते सांगितलं का? घरातलं?”

“घरातलं काय?”

“अरे, शस्त्रक्रियेनंतर भार उचलला जातो, फिरतो, जागेवर जातो, सगळं होतं. फक्त शेवटी ‘सोड’ म्हटलं की बाहेर काही येत नाही. उलटं आत, मूत्राशयात जातं. नंतर लघवीतून निघून जातं. अपाय काही नाही. पण बहुतेकांचं तसं होतं.”

हूक वाऱ्यावर किंचित डोलला.

“मजा?”

“मजा जिथल्या तिथे. गडगडाट पूर्ण. पाऊस नाही.”

“आणि वाफेत?”

“वाफेत बहुतेकांचा पाऊस राहतो म्हणे.”

“दोन वर्षं जाहिरात करत हिंडतोयस, आणि हे आज सांगतोयस?”

“तोंडावर कसं सांगणार रे?” खालचे कळवळून म्हणाले.

तेवढ्यात तिसराच आवाज आला. “काका, प्लंबर बोलतोय, सातव्या मजल्यावरून. नऊवर आम्ही पण असतो. पण बरं झालं. सासऱ्यांचंही हेच ऑपरेशन ठरलंय, त्यांना कोणी सांगायचं हा प्रश्नच होता.”

वाफ पक्की झाली, असे वरच्यांना वाटले. पण सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्राशयाच्या तळाशी एक पांढरा, टणक ठिपका बसलेला होता.

“दिवसभरात पाणी किती पिता?” डॉक्टरबाईंनी विचारले.

“चूळ भरतो,” वरचे म्हणाले. त्यांच्या स्वरात नकळत अभिमान होता. “तीस वर्षं. कामाच्या वेळेत घोट नाही.”

डॉक्टरबाईंनी पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवले. “ग्रंथीमुळे लघवी पूर्ण बाहेर पडत नव्हती, मागे साचत होती. तुम्ही पाणी तोडलंत, म्हणजे साचलेलं ते आणखी दाट झालं. त्याचा हा खडा. वाफ खड्याला हात लावत नाही. आता लेझरनं खडा फोडायचा आणि त्याच वेळी आतली वाढ काढायची, हेच शहाणपणाचं.”

वरच्यांनी पडद्याकडे पाहिले. ज्या कसबाचे तीस वर्षे कौतुक झाले, ज्याचे धडे त्यांनी दिले, ते कसब तिथे चांगले वाटाण्याएवढे होऊन बसले होते. मनुष्य आपल्या गैरसोयीलाच गुण मानू लागला की ती गैरसोय दूर करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. शरीर तेवढे नोंद ठेवते.

त्यांची बायको घरी पडदे शिवण्याचा व्यवसाय करी. संध्याकाळी ती एका लांबलचक पडद्याचे काठ जुळवीत होती. “अहो, ते टोक धरा,” ती म्हणाली. वरच्यांनी टोक धरले. दोघांच्या मध्ये जाड निळे कापड आले, आणि चेहरा दिसेनासा झाल्यावर त्यांना कंठ फुटला.

“अगं, त्या शस्त्रक्रियेनंतर ना…”

“कोरडं होतं. डॉक्टरबाई सांगत होत्या तेव्हा तुम्ही पंखा दुरुस्त करत होतात.”

“मग तुला चालेल?”

“न चालायला? या वयात मला पाळणा बांधायचाय?” पडदा हलू लागला, ती हसत होती. मग हलायचा थांबला. “पण विचारलंत, हे बरं केलंत.”

“तुला काय हवंय ते सांग. खरंच सांग.”

सुई कापडातून एकदा आली, एकदा गेली. “मला एक सिनेमा शेवटापर्यंत बघायचाय,” ती म्हणाली. “मधल्या खुर्चीत बसून. चार वर्षं आपण दाराजवळच्या खुर्चीत बसतोय, आणि नायिकेचं शेवटी काय झालं ते मी दुसऱ्यांना विचारतेय.”

वरच्यांच्या हातातले टोक सैल झाले. आजार आपल्या देहाचा, असे ते समजत होते. त्याचा निम्मा भार कोण वाहत होते, हे त्यांना वरून कधी दिसलेच नव्हते.

“आणि टाकी?” ते हळूच म्हणाले.

“टाकी तुमच्या हातून चढली नाही तर तिचं पाणी काय कडू होणार आहे? रुसू नका. लेकीला बोलवा. तिच्या बंदरावर सध्या काम थंड आहे. हात तुमचाच आहे तिचा.”

शस्त्रक्रिया झाली. कमरेखाली भूल होती, कान जागे होते. डॉक्टरबाई सहकाऱ्याला म्हणाल्या, “थोडं वर… हळू… बास, थांब,” आणि वरच्यांचा उजवा हात उशीपाशी आपोआप दांडी मागे घेऊ लागला. भूलतज्ज्ञांनी तो हात धरला. “आजोबा, आज तुम्ही भार आहात, ऑपरेटर नाही.”

दोन दिवसांनी नळी काढली. वरचे स्नानगृहात गेले, दार लावले, आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या तोंडून असा उद्गार निघाला की परिचारिका धावत आली. आतून मोबाइलवर बोलण्याचा आवाज येत होता.

“खालच्या, ऐक! नुसता ऐक!” आणि त्यांनी फोन खाली धरला.

तिकडे बांधकामावर खालच्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. “सोड… सोड… अजून सोड!” ते डोळे मिटून म्हणत होते. प्लंबरने टाळ्या वाजवल्या. धंद्याच्या दृष्टीने त्याचे मत असे पडले की दाब उत्तम आहे.

लेक आली. क्रेनची शिडी चढण्याआधी तिने वाकून बापाच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, कारण त्यांना वाकू नका असे सांगितले होते. वरच्यांना डॉक्टरबाईंनी जमिनीवर उभे राहून बोलण्याची परवानगी दिली होती. खालच्यांनी आपला वॉकीटॉकी काढून त्यांच्या हातात ठेवला. “घे. मी भार बांधतो. आता तू खालचा.”

“मग तू कोण?”

“मी त्याच्याही खालचा.”

तीस वर्षांत वरच्यांनी बांधकाम खालून पाहिले नव्हते. वरून माणसे म्हणजे पिवळी शिरस्त्राणे. पाण्याच्या पिंपापाशी शिरस्त्राणांची रांग लागे, पण ओढण्यांवर शिरस्त्राण घातलेल्या बायका त्या रांगेत कधी दिसत नसत. ‘बायका कामसू, पाण्यालासुद्धा थांबत नाहीत,’ असे ते कौतुकाने म्हणत. आता ते पिंपाशेजारीच उभे होते. विटा वाहणारी एक बाई आली, तिने पेला भरला, चूळ भरली, आणि पाणी बाजूला थुंकून टाकले. ओठ पुसले. गेली.

वरचे तिच्याकडे पाहतच राहिले. ही त्यांची विद्या होती. तिला कोणी शिकवली?

“ताई, प्यायला काय झालं?” त्यांनी दुपारी तिला विचारले.

“प्यायल्यावर जायचं कुठे, काका?” ती म्हणाली. “आमच्या शौचालयाला कुलूप. किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. रोज जाऊन त्या बाप्याकडे किल्ली मागायची? त्यापेक्षा तहान बरी.” आणि हसून पुढे म्हणाली, “तुमचं बरं, अगदीच अडलं तर वर बाटलीत भागतं.”

वरच्यांनी मान वर केली. केबिनमध्ये त्यांची लेक होती. तिथे अडल्यावेळची बाटली होती. पण लेकीला तिचा काय उपयोग?

टाकीचा दिवस उजाडला. मालक आले, पाहुणे आले, छत्रीखाली खुर्च्या मांडल्या गेल्या. पाहुण्यांच्या सोयीसाठी दोन तयार पत्र्याची शौचालये भाड्याने आणून फाटकापाशी उभी केली होती. स्वच्छ, पांढरी, आतून कडीची. टाकी पट्ट्यांनी बांधून झाली. खालच्यांनी प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला.

“भार?” वरच्यांनी वॉकीटॉकीत विचारले.

“पाहिला, बाबा.”

“पल्ला?”

“मर्यादेत.”

“वारा?”

“शांत.”

वरच्यांची नजर पिंपाकडे गेली. “पाणी प्यालीस?”

“चूळ भरलीय, बाबा. तुम्ही शिकवल्याप्रमाणे.”

“थांब,” वरचे म्हणाले.

क्रेनच्या कामात हा शब्द कोणीही उच्चारला तरी ऑपरेटरने थांबायचे असते. कारण नंतर विचारायचे. हूक जागच्या जागी राहिला. मुकादम धावत आला. “काय झालं? पट्टा सरकला का?”

“ऑपरेटर तहानलेली आहे. तहानलेल्या माणसानं भार उचलायचा नाही.”

“अहो, मग पी म्हणावं की! पाहुणे बसलेत!”

“पिईल. पण नंतर उतरणार कुठे? तिथून इथवर येऊन तुमच्या स्टोअरकीपरकडे किल्ली मागणार?” वरच्यांनी फाटकाकडे बोट दाखवले. “ती दोन उभी आहेत. एक वर जाऊ दे, क्रेनजवळच्या स्लॅबवर. दुसरं खाली या बायकांना ठेवा.”

“ती पाहुण्यांची आहेत!”

“मग पाणी काय फक्त पाहुणेच पितात?”

मुकादमाने मालकांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि आभाळात थबकलेल्या हुकाकडे पाहिले. “एक,” तो म्हणाला. “एक घ्या. दुसऱ्याचं कार्यक्रमानंतर बघू.”

खालच्यांनी पट्टे सोडले आणि पत्र्याच्या खोलीला बांधले. “आत कोणी नाही ना, एवढं बघ,” वरचे म्हणाले. खालच्यांनी दार उघडून पाहिले, कडी घातली, आणि अंगठा वर केला.

“उचल.”

पांढरे शौचालय जमिनीवरून सुटले, एकदा गिरकी घेऊन स्थिर झाले, आणि मालकांच्या, पाहुण्यांच्या, खुर्च्यांच्या डोक्यावरून संथपणे आकाशात चालू लागले. आधी कोणी तरी फिसकन हसले. मग विटांच्या ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या बायकांनी अशी आरोळी ठोकली की मजल्यामजल्यावरून माणसे कठड्याशी आली. मालकही हसत होते. त्यांना वाटले हाच कार्यक्रम. लेकीने ते स्लॅबवर असे टेकवले की दाराची कडीसुद्धा वाजली नाही.

“सोड,” वरचे म्हणाले. “आता पाणी पी. मी थांबतो.”

सारे थांबले. वर, केबिनच्या काचेत, डोके मागे टाकून पाण्याची एक बाटली रिकामी होताना सगळ्यांनी पाहिली. तोवर खालच्यांनी पिंपातला पेला भरून वरच्यांना दिला. त्यांनी तो गिळला, शेवटच्या थेंबापर्यंत. मग टाकी चढली. ती बापाच्या हातून चढली नाही, त्याच्या शब्दावर चढली. आणि त्याला यात काही उणे वाटले नाही. त्या दुपारी कामगारांच्या लिफ्टला उसंत नव्हती. बायकांना वरच्या मजल्यावर अचानक फार काम निघाले होते.

पुढच्या रविवारी वरचे आणि त्यांची बायको सिनेमाला गेले. रांगेच्या अगदी मधोमध बसले. नायिकेचे शेवटी चांगलेच झाले.

क्रेन उतरली तेव्हा स्लॅबवरचे शौचालयही उतरले. फाटकापाशी राहिलेले दुसरे पाहुण्यांबरोबर कार्यक्रमाच्याच संध्याकाळी परत गेले होते. स्त्रियांच्या शौचालयाची किल्ली अजून स्टोअरकीपरच्या खिशात आहे. एकेचाळीस जणींचे देणे बाकी आहे.